'हो'ची किंमत

गेल्या श्रावणात आमच्या अक्का दोन दिवस रक्तदाबाच्या गोळीवाचून राहिल्या. अक्का म्हणजे आमच्या थोरल्या भगिनी; वय चौऱ्याऐंशी, मुक्काम धारवाड. आम्ही हुबळीला. दोन्ही गावांची महानगरपालिका वर्षानुवर्षे एक होती, तरी मधले वीस किलोमीटर रोज ओलांडणे आता आमच्याने होत नाही. म्हणून रोज रात्री साडेआठ वाजता दूरध्वनी करायचा आणि अक्कांजवळ राहून महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या नातीला एक ठरलेला प्रश्न विचारायचा, असा परिपाठ पडून गेला होता. "गोळ्या संपल्या नाहीत ना ग?" ती म्हणे, "नाही, आजोबा." आम्ही निश्चिंत मनाने पानावर बसत असू.

एका रात्री ती म्हणाली, "हो, आजोबा." आम्ही "बरं, बरं" म्हणून दूरध्वनी ठेवला. दुसऱ्या रात्री पावसामुळे तो लागलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना घेरी आली आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे आमच्यासमोर आली. सुदैवाने दुखणे वाढले नाही. चार दिवसांत अक्का पूर्ववत झाल्या. परंतु त्या सकाळी आम्ही त्या मुलीला जे बोललो ते बोलायला नको होते. "गोळ्या संपल्या तर सांगायला नको?" या आमच्या प्रश्नावर ती एवढेच म्हणाली, "मी सांगितलं होतं." आम्हांला तो उद्धटपणा वाटला, आणि खोटेपणाही.

वस्तुतः ती खरे बोलत होती. आमच्या कानांनी ऐकलेला 'हो' असा होता: हो, संपल्या नाहीत. तिने उच्चारलेला 'हो' असा होता: हो, संपल्या. बेंगळुरूच्या इंग्रजी शाळेत वाढलेल्या मुलीचा होकार प्रश्नातल्या नकाराकडे पाहत नाही, तो वस्तुस्थितीकडे पाहतो. आमचा जुन्या वळणाचा मराठी होकार विचारणाऱ्याच्या विधानाला मान डोलावतो. दोन्ही रीती आपापल्या जागी निर्दोष आहेत. इतके दिवस हा भेद उघड झाला नाही याचे कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. ती 'नाही' म्हणत होती तोवर दोघांच्याही हिशेबाने अर्थ एकच निघत होता. नकारावर आमचे एकमत होते. होकार आला त्याच दिवशी आमच्या वाटा फुटल्या, आणि त्या फुटल्याचे दोघांनाही कळले नाही.

हे सर्व आम्हांला तेव्हा उमगले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ते उमगले गणपतीत. पुण्याहून आमचा पुतण्या आला होता. त्याचा व्यवसाय संगणकाच्या कंपायलरचा. आम्ही तक्रारीच्या सुरात ही हकीकत त्याला सांगितली. तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, "काका, तिची चूक नाही. आमच्याकडे काही ठिकाणी 'हो' म्हणजे एक असतो आणि काही ठिकाणी 'हो' म्हणजे उणे एक. हे विसरलं की असंच होतं." त्या संध्याकाळी त्याने जे समजावून दिले ते आम्ही आमच्या भाषेत येथे मांडत आहोत, कारण त्यातून निघणारा प्रश्न संगणकाचा कमी आणि आपल्या सर्वांचा अधिक आहे.

कंपायलर हा एक भाषांतरकार आहे. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली घ्यायची आणि यंत्राला कळेल अशा अंकांच्या भाषेत तिचे रूपांतर करायचे, हे त्याचे काम. दोन भाषांच्या उंबरठ्यावर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना भाषांतरकाराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र हा भाषांतरकार केवळ शब्दाला शब्द ठेवीत नाही. तो मजकूर आटोपशीर करतो. दहा आज्ञांचे काम सात आज्ञांत होत असेल तर तीन गाळतो. या कामाला ते लोक ऑप्टिमायझेशन म्हणतात. आपल्या परंपरेतला 'लाघव' हा शब्द त्याला चपखल बसतो. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपल्याकडे म्हटले जाते. तोच आनंद या मंडळींना एक आज्ञा वाचली की होतो.

आता होकाराच्या किमतीकडे वळू. यंत्रापाशी शब्द नाहीत. शून्य आणि एक हे दोनच अंक. 'नाही' म्हणजे शून्य, यावर बहुतेक सर्वांचे एकमत. 'हो' म्हणजे काय, यावर मात्र दोन घराणी आहेत. एका घराण्यात तो एक असतो. 'सी' या प्रसिद्ध भाषेच्या १९९९ च्या प्रमाणग्रंथात खऱ्याखोट्यासाठी स्वतंत्र प्रकार आला, आणि शून्येतर काहीही त्यात ठेवले तर त्याचा एक करावा असा नियम झाला. दुसऱ्या घराण्यात तो उणे एक असतो. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांना संगणकाची ओळख करून देणारा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशभरच्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाची यंत्रे आली. त्या यंत्रावरील बेसिक भाषेत 'ट्रू' हा शब्द छापायला सांगितला तर पडद्यावर उणे एक उमटत असे. तो बिघाड नव्हता. त्या घराण्याची ती रीतच होती.

हा उणे एक येतो कोठून? आपल्यापैकी ज्यांनी जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या आहेत त्यांना हे सहज कळेल. यंत्रात ऋण संख्या लिहिण्याची जी रूढ पद्धत आहे तीत सर्वांत डावीकडचे घर देण्याचे असते आणि बाकीची घरे जमेची. चार घरे घेतली तर डावीकडून त्यांच्या किमती उणे आठ, चार, दोन आणि एक. चारही घरांत एक मांडला तर जमा सात, देणे आठ. शिल्लक उणे एक. घरे कितीही असोत, सगळ्यांत एक मांडला की शिल्लक उणे एकच राहते. म्हणून ज्यांनी 'सगळी घरे रिकामी' म्हणजे नाही असे धरले, त्यांना 'सगळी घरे भरलेली' म्हणजे हो हे स्वाभाविकच वाटले. आजही अनेक संख्यांची एकदम तुलना करणाऱ्या आज्ञा उत्तर याच रीतीने देतात: जेथे तुलना खरी ठरली तेथे सगळी घरे भरलेली, जेथे खोटी ठरली तेथे सगळी रिकामी. अशा उत्तराचा चाळणीसारखा उपयोग करून हवे ते ठेवता येते आणि नको ते पुसता येते. तेव्हा उणे एक हा होकार लहरीपणाने ठरलेला नाही.

आता घर एकच असेल तर? सर्वांत डावीकडचे घर तेच आणि एकमेव घरही तेच. म्हणजे ते देण्याचे घर. त्यात मावतात दोनच किमती: शून्य आणि उणे एक. अधिक एकाला तेथे जागाच नाही. यालाच ऋणचिन्हाचा, एका घराचा 'बूलियन' प्रकार म्हणतात.

पुतण्याने सांगितलेला दोष येथेच घडला. जीसीसी नावाचा एक विख्यात कंपायलर आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली प्रथम लोकांसमोर ठेवला. तेव्हापासून तो मुक्त आहे आणि जगभरचे लोक त्यात भर घालीत आले आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कंपायलरच्या अंतरंगाचा अभ्यास व्हावा म्हणून एक केंद्र चालवले, कार्यशाळा घेतल्या. कंपायलर आज्ञावलीविषयी कसे अनुमान करतो यावरचा त्यांचा, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या धारवाडची आयआयटी २०१६ साली सुरू झाली तेव्हा तिचे पालकत्व मुंबईच्या या आयआयटीकडेच होते, हा एक जिव्हाळ्याचा योगायोग.

तर या जीसीसीत लाघवाचा एक नियम होता. 'अट खरी असेल तर उणे एक, नसेल तर शून्य' असे कोणी लिहिले असेल, तर एवढे लांबवू नये; अटीची किंमत घ्यावी आणि तिच्यापुढे उणे चिन्ह मांडावे. अट खरी म्हणजे एक, त्याचे उणे एक झाले. अट खोटी म्हणजे शून्य, त्याचे उणे शून्यच. नियम सुबक आहे आणि नेहमीच्या अंकांत बिनचूक आहे. परंतु एखाद्या वेळी निकाल ठेवण्याचे घर ते एकमेव देण्याचे घर निघते. मग काय होते पाहा. अटीची किंमत आधी त्या घरात आणली जाते. बाहेर ती एक होती. आत येताच उणे एक झाली, कारण तेथे होकाराचे रूपच ते. आता नियमाप्रमाणे तिच्यापुढे आणखी एक उणे चिन्ह लागते. उणे एकाचे उणे म्हणजे अधिक एक, आणि अधिक एक तर त्या घरात मावतच नाही.

यातली सूक्ष्म गोष्ट अशी की घरातला ठिपका या साऱ्या खटाटोपात जागचा हलत नाही. घर भरलेले होते, भरलेलेच राहते. बिघडते ती कंपायलरची समजूत. या घरात शून्याहून मोठी किंमत असूच शकत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि येथे एक आहे अशी नोंद त्यानेच करून ठेवलेली असते. पुढची अनुमाने तो या विसंगत वहीवरून करू लागतो. 'हे कधी घडणारच नाही' म्हणून एखादी फांदी छाटून टाकतो; आणि छाटलेली फांदी नेमकी ती असू शकते जिच्यावर आज्ञावलीचा कर्ता बसलेला आहे. कोणीही खोटे बोललेले नसते. नियम लिहिणाऱ्याने खरा नियम लिहिला, प्रकार ठरवणाऱ्याने विचारपूर्वक प्रकार ठरवला, आज्ञावली लिहिणाऱ्याने नेमके हवे ते लिहिले. तीन सत्ये एकत्र आली आणि असत्य जन्माला आले.

आमच्या लहानपणीची एक गोष्ट यावरून आठवली. आमचे वडील हुबळीच्या रेल्वे कारखान्यात होते. १८८२ साली स्थापन झालेल्या ज्या कंपनीने आपल्या भागात रूळ आणले तिच्या नावातच 'सदर्न मराठा' होते. आम्हां मुलांना फलाटावर नेऊन ते सिग्नलचे हात दाखवीत. हात आडवा असला की थांबा. तो खाली झुकला की मार्ग मोकळा. म्हणूनच 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी येणार, असा वाक्प्रयोग आपल्या बोलण्यात रुजला. पुढे प्रवासात आम्ही दुसऱ्या जातीचे सिग्नल पाहिले. तेथे आडवा हात म्हणजे थांबाच, पण मोकळा मार्ग सांगताना हात वर उचलला जाई. भारतीय रेल्वेत या दोन्ही जाती नांदत आल्या. आडव्या हाताविषयी दोघांचे एकमत. होकार मात्र एकाचा अधोमुख आणि दुसऱ्याचा ऊर्ध्वमुख. आम्ही वडिलांना विचारले, यातला खरा होकार कोणता? ते म्हणाले, "तू कुठल्या सिग्नलसमोर उभा आहेस ते आधी बघ." रेल्वेच्या नियमपुस्तकात दोन्ही जातींचे अर्थ वेगवेगळे नोंदवलेले असत, आणि चालकाला ते माहीत असणे त्याच्या इच्छेवर सोडलेले नसे.

येथे एक आक्षेप संभवतो. मग सत्य असे काही नाहीच का? ज्याचे त्याचे घर आणि ज्याची त्याची किंमत, असेच म्हणायचे का? आमच्या मते हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. जैन दार्शनिकांनी विधानाआधी 'स्यात्' हा शब्द लावायला सांगितला तो सत्य पातळ करण्यासाठी नव्हे. कोणत्या अपेक्षेने बोलतो आहोत हे बोलणाऱ्याने बांधून घ्यावे यासाठी. घर एकदा ठरले की त्यातला होकार लोखंडासारखा पक्का असतो. अक्कांच्या गोळ्या संपल्या होत्या की नव्हत्या, यात कोणाच्या दृष्टिकोनाला जागा नव्हती. पाकीट रिकामे होते. संशय सत्याविषयी नव्हता, सत्य वाहून आणणाऱ्या शब्दाविषयी होता. या दोहोंची गल्लत केली की माणूस एक तर हट्टी होतो, नाही तर बेफिकीर.

तेव्हा खरा नैतिक प्रश्न आमच्या मते लाघवाचा आहे. संक्षेप करणारा कशाला बांधील असतो? पाणिनीच्या सूत्रांचा संक्षेप जगाने वाखाणला. पण तो संक्षेप प्रामाणिक का ठरतो, हे पाहिले पाहिजे. एका सूत्रात आलेले पद पुढच्या सूत्रात पुन्हा उच्चारले जात नाही, तरी ते अनुवृत्तीने तेथे हजर असते. अधिकारसूत्राची हद्द कोठवर, हेही ठरलेले असते. म्हणजे जे गाळले ते टाकून दिलेले नसते; ते न बोलता सोबत नेलेले असते. कंपायलरच्या त्या नियमाने 'होकार म्हणजे एक' हे पद गाळले. गाळण्यात चूक नव्हती. चूक ही की जेथे त्या पदाची अनुवृत्ती पोचत नव्हती त्या मुलखातही नियम तसाच चालत गेला. आम्हीही तेच केले. 'संपल्या नाहीत ना' या आमच्या प्रश्नातली अर्धी समजूत आम्ही गृहीत धरली होती. ती आमच्या पिढीच्या हद्दीत चालत होती आणि त्या मुलीच्या हद्दीत चालत नव्हती. हद्द ओलांडल्याचा फलक मात्र कोठेच नव्हता.

अशा वेळी दोष कोणाचा? आपली पहिली धाव दुर्बलाकडे असते. आम्ही त्या मुलीला धरले, कारण ती लहान होती आणि समोर होती. संगणकातही प्रथम संशय आज्ञावली लिहिणाऱ्यावर जातो. कंपायलर चुकला असेल हे नवशिक्याच्या मनातही येत नाही, आणि आले तरी बोलायची छाती होत नाही. वास्तविक पाहता २०११ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या खटपटीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यादृच्छिक आज्ञावल्या तयार करून त्यांनी नामांकित कंपायलर तपासले, तेव्हा पूर्वी अज्ञात असलेले ३२५ हून अधिक दोष हाती आले. पुढे २०१५ साली दुसऱ्या एका प्रसिद्ध कंपायलरमधले लाघवाचे तीनशेहून अधिक नियम गणिती सिद्धतेच्या कसोटीला लावण्यात आले, त्यांत आठ चुकीचे निघाले. वर्षानुवर्षे जाणत्या लोकांच्या नजरेखालून गेलेले हे नियम. अधिकाराच्या जागी बसलेल्याचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते, हे आकड्यांतून दिसते. ते नेहमी बरोबर नसते, हेही त्याच आकड्यांतून दिसते. वडीलधाऱ्यांनी हा हिशेब स्वतःलाही लावून पाहावा.

त्या दोषाची दुरुस्ती २०२३ साली झाली, आणि ती आम्हांला दोषाहून अधिक विचार करण्यासारखी वाटली. दुरुस्ती करणाऱ्याला दोन सोपे मार्ग होते. एक, लाघवाचा नियमच खोडून टाकणे. मग जेथे तो योग्य होता तेथलीही कामे लांबली असती. दुसरा, उणे एक हा होकारच बेकायदा ठरवणे. मग ज्यांची सारी चाळणी त्यावर उभी होती त्यांचे घर मोडले असते. त्याने तिसरा मार्ग घेतला. अटीची किंमत थेट त्या बूलियन घरात न आणता आधी नेहमीच्या पूर्णांकाच्या घरात न्यायची, उणे करण्याची क्रिया तेथे करायची, आणि निकाल तयार झाल्यावर मगच तो बूलियन घरात आणून ठेवायचा. दुरुस्ती अवघ्या काही ओळींची. तिने कोणालाही खोटे पाडले नाही. दोन होकारांची भेट जेथे होऊ शकते अशी ओसरी मध्ये बांधून दिली.

कात्यायनाची वार्तिके आम्हांला याच जातीची वाटतात. सूत्रात जे सांगितले, जे राहून गेले आणि जे चुकीचे सांगितले गेले, त्यांचा विचार म्हणजे वार्तिक, अशी त्याची परंपरागत ओळख आहे. वार्तिककार सूत्र फाडून टाकत नाही. त्याची हद्द लिहून ठेवतो. कंपायलरच्या मंडळींचा आणखी एक रिवाज पुतण्याने सांगितला. दोष दुरुस्त झाला की ज्या लहानशा आज्ञावलीने तो उघडकीला आणला ती संग्रहात कायमची जपून ठेवतात, आणि पुढे कंपायलरमध्ये बदल केला की तो साऱ्या संग्रहावर चालवून पाहतात. ज्याच्या हातून चूक झाली तो बहुधा स्वतःच आपली नजरचूक नोंदीत कबूल करून मोकळा होतो. त्यासाठी कोणी त्याचा पाणउतारा करीत नाही. चूक लक्षात ठेवायची आणि चुकणाऱ्याला विसरायचे. आपल्या कुटुंबांत नेमके उलट चालते. कोणत्या लग्नात कोण काय बोलले हे तीन पिढ्या पाठ असते. भांडण कोणत्या गैरसमजाने झाले हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

वाचकांनी क्षमा करावी, पण येथे आपल्या एका जुन्या दुखण्याला स्पर्श केल्यावाचून राहवत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून आपल्याला एका घराचा प्रश्न विचारला जात आहे: तुम्ही मराठी ना? म्हणजे येथले नव्हे ना? या प्रश्नाला 'हो' म्हटले तरी चुकते आणि 'नाही' म्हटले तरी चुकते, कारण उत्तर मावेल एवढी जागाच त्यात ठेवलेली नाही. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे १८९६ साली याच धारवाडात जन्मले. घरची भाषा मराठी, कवितेची कन्नड. 'नाकु तंती' या काव्यसंग्रहासाठी १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. ते कोणाचे, हा वाद अधूनमधून ऐकू येतो. दोन्ही बाजू आपापल्या घरातला होकार उच्चारीत असतात, आणि दुसऱ्याच्या तोंडी तो ऐकला की त्यापुढे उणे चिन्ह मांडतात. २०११ च्या जनगणनेच्या पत्रकात मातृभाषेचे घर एकच होते. पण येत असलेल्या आणखी दोन भाषा लिहिण्याची सोयही त्यात होती. पत्रक करणाऱ्याला जेवढी रुंदी सुचली तेवढी आपल्याला आपल्या बोलण्यात सुचायला हरकत नसावी.

रुंद घराला किंमत मोजावी लागते, हे आम्ही नाकारत नाही. त्यात जागा जाते, वेळ जातो. एका शब्दात उत्तर मागणाऱ्याला आपण कामसू वाटतो आणि चार शब्द मागणारा घोळ घालणारा. न्यायालयात, दवाखान्यात, रेल्वेच्या केबिनमध्ये कधी एका शब्दावरच काम भागवावे लागते. म्हणून सगळेच प्रश्न रुंद करावेत असे आमचे म्हणणे नाही. जेथे दोन घराण्यांचा होकार एकमेकांना भेटणार आहे, त्या उंबरठ्यापुरता तरी प्रश्न असा विचारावा की उत्तराला उणे चिन्ह लागण्याची सोयच राहू नये. आणि ही काळजी उत्तर देणाऱ्याने नव्हे, विचारणाऱ्याने घ्यावी. विचारणारा बहुधा मोठा असतो, आणि घर किती रुंद ठेवायचे हे त्याच्याच हाती असते.

आमच्या घरातली दुरुस्तीही काही शब्दांचीच झाली. आता रोज रात्री साडेआठला आम्ही विचारतो, "किती गोळ्या उरल्या ग?" ती आकडा सांगते. नऊ, आठ, सात. आकडा चारावर आला की दुसऱ्या दिवशी नवे पाकीट धारवाडला पोचते. हा प्रश्न आम्हांला आधीच का सुचला नाही, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. आकडा मोजून सांगण्याचे कष्ट तिला कशाला, असे आम्हांला वाटत असावे. ते कष्ट वाचवण्याच्या लाघवाची किंमत अक्कांनी भरली आणि बोलणी त्या मुलीने खाल्ली.

अनंत चतुर्दशी झाल्यावर आम्ही मुद्दाम धारवाडला गेलो आणि अक्कांच्या समक्ष तिला सांगितले की त्या रात्री तू खरेच बोलली होतीस, ऐकण्यात चूक आमची झाली. ती काही बोलली नाही. आत जाऊन चहा घेऊन आली. निघताना पायात वहाणा सरकवता सरकवता आम्ही विचारले, "राग राहिला नाही ना ग मनात?"

ती हसू लागली. "आजोबा, परत तसाच प्रश्न!"

आम्ही प्रश्न मागे घेतला.